हाडाची ‘अणी’: नाव आधी की खुणा आधी?

‘भारतातील मातृदेवतेची सर्वात प्राचीन प्रतिमा कोठे सापडली?’ स्पर्धा परीक्षांच्या गाईडमध्ये हा प्रश्न हमखास असतो. उत्तरही ठरलेलं: बेलन नदीचं खोरं, लोहंदा नाला, उत्तर प्रदेश. पाठ करायचं, गोल काळा करायचा, पुढे जायचं.

आता याच वस्तूबद्दल दुसरं मत बघा. ही हाडाची कोरलेली छोटी वस्तू अलाहाबाद विद्यापीठाच्या जी. आर. शर्मा यांच्या चमूला नदीच्या गोट्यांच्या थरात मिळाली. थर उत्तर पुराश्मयुगाचा. त्यांना तिच्यात स्त्रीची आकृती दिसली. शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांच्या मते मात्र ती मूर्ती नसून मोडका, झिजलेला हार्पून आहे, म्हणजे मासे मारायच्या काटेरी भाल्याचं टोक. दोन्ही बाजू जाणत्यांच्या आहेत, वस्तू एकच आहे आणि तिची दोन नावं एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत. एक नाव धर्माच्या इतिहासात जातं, दुसरं मासेमारीच्या.

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर या वादात कोण बरोबर यापेक्षा वाद कशावर चालला आहे हे जास्त महत्त्वाचं आहे. तो बराचसा आकारावर चालला आहे: इथे फुगीर आहे म्हणून नितंब, इथे खाच आहे म्हणून काटा. ती खाच कशाने पाडली, कुठल्या दिशेने पाडली, कडा मोडल्यावर झिजली की झिजल्यावर मोडली, हे प्रश्न गाईडपर्यंत तर पोचतच नाहीत, पण बऱ्याच संशोधनपर लेखनातही मागे राहतात. माझी तक्रार नेमकी इथे आहे. हाडाच्या वस्तूंवरचं आपल्याकडचं बरंच लेखन आधी नाव देतं आणि खुणा नंतर बघतं, किंवा बघतच नाही. क्रम उलटा हवा. पण खुणा वाचायच्या तर हाड हाताने कसं घडवतात ते आधी कळायला हवं.

हाड हातात घेतल्यावर

कोरड्या हाडाच्या वजनात साधारण दोन-तृतीयांश भाग खनिज असतो, कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचं. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन. खनिजामुळे हाड कडक होतं आणि कोलॅजनमुळे चिवट राहतं. ताजं हाड फुटलं तर तिरकी, वळत गेलेली चीर पडते, वाळलेलं जुनं हाड तुकड्यांत सरळ मोडतं. पाण्यात भिजवलेलं हाड खरवडायला सोपं जातं. पण फार वेळ उकळलं तर कोलॅजन निघून जातं आणि हाड ठिसूळ होतं. म्हणजे कच्चा माल कधी आणि कसा वापरला, हेही पुढे खुणांत उतरतं.

टोचा किंवा आरी बनवायला जगभर एक हाड आवडीचं होतं: शेळी, मेंढी, हरीण, गाय यांच्या पायाचं खालचं लांब हाड. आमच्या चिंचपाड्यात काय, नंदुरबारात काय, मटणाच्या दुकानात ‘पाया’ मागितला की सुपासाठी मिळतं तेच. ते सरळ असतं, भिंत जाड असते आणि मधोमध लांबीभर एक नैसर्गिक खोबण असते. ही खोबण दगडी पात्याने खोल करत नेली की हाड लांबीत दोन फाकांत निघतं. एका फाकेतून टोचा निघतो. याला खोबण-फाक पद्धत म्हणू. युरोपातल्या उत्तर पुराश्मयुगात रेनडिअरच्या शिंगावर याच तत्त्वाने काम झालं.

त्यापुढचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याची खूण अशी:

खरवडणं. दगडी पात्याची धार लांबीच्या दिशेने ओढली की बारीक समांतर रेघा पडतात. हात अडखळला तर आडव्या लाटा उठतात, सुताराचा रंधा उड्या मारतो तशा.

कापणं. दगडाची धार सूक्ष्म पातळीवर ओबडधोबड असते, म्हणून तिने पाडलेल्या चिरेच्या आत अनेक बारीक उपरेघा दिसतात. धातूच्या सुरीची चीर अरुंद, स्वच्छ, इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. हॅस्केल ग्रीनफील्ड यांनी १९९९ मध्ये चिरांचे सिलिकॉनचे ठसे घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक दाखवला.

घासणं. आपल्याकडे बेसाल्ट मुबलक. सच्छिद्र बेसाल्टवर पाणी घालून हाड घासलं की एकाच दिशेच्या जाड, गर्दीने बसलेल्या रेघा येतात. लोखंडी कानशीच्या रेघा मात्र मोजून आखल्यासारख्या, सारख्या अंतरावर पडतात.

भोक पाडणं. दगडी टोकाने दोन्ही बाजूंनी फिरवत पाडलेलं भोक मध्ये चिंचोळं आणि दोन्हीकडे पसरट होतं, आत गोल गोल रेघा राहतात. धातूचं बारीक टोक लावलेल्या सामत्याचं भोक, म्हणजे सुताराच्या दोरी-कमानीच्या गिरमिटाचं, बरंचसं सरळ नळीसारखं जातं.

झिलई. राख, बारीक वाळू किंवा गेरू लावून चामड्याच्या तुकड्याने घासत राहायचं. इथे संशोधकाची खरी अडचण सुरू होते, कारण झिलई आधीच्या सगळ्या खुणा पुसते. जितकी वस्तू देखणी, तितकी तिच्या घडणीची माहिती कमी. म्हणून बघायचं ते कोपऱ्यांत: खाचेच्या तळाशी, भोकाच्या आत, मुठीच्या बाजूला. आणि सगळ्यात आधी मागायच्या त्या अर्धवट राहिलेल्या वस्तू आणि कापून टाकलेली टोकं. संग्रहालयाच्या काचेमागे मात्र पूर्ण आणि चकचकीत वस्तूच लागतात.

रेघ माणसाचीच कशावरून?

खुणा बघायच्या ठरवल्या तरी दुसरा धोका आहेच: दिसेल ती रेघ माणसाच्या खात्यावर टाकणं. याचं उत्तम उदाहरण खानदेशातलंच आहे. माल हाडाचा नसून शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा आहे, पण पद्धतीचा प्रश्न तोच.

चाळीसगावजवळच्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या कवचाचे मणी मिळाले आणि एक तुकडा असा मिळाला की ज्यावर समांतर रेघांमध्ये फुलीफुलीची नक्षी कोरलेली आहे. वय सुमारे २५ हजार वर्षं. त्यानंतर १९८८ मध्ये गिरिराज कुमार आणि सहकाऱ्यांनी राजस्थान-मध्य प्रदेशातले असे बरेच ‘कोरीव’ तुकडे प्रसिद्ध केले. पुराश्मयुगीन कलेचं दालनच उघडलं असं वाटावं, इतके. बेडनारिक यांनी हे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांना पाटण्याचा तुकडा माणसाने कोरलेला वाटला. बाकीच्यांवरच्या रेघा मात्र वनस्पतींच्या मुळांशी संबंधित सूक्ष्म जीवांनी कवच विरघळवून पाडलेल्या निघाल्या.

मुळांची रेघ ओळखायची कशी? ती वळत जाते, फाटे फोडते, तळ गोलसर आणि गुळगुळीत असतो, आत हत्याराच्या उपरेघा नसतात. हाडावरही हेच होतं. शिवाय उंदीर-साळिंदर यांचे दात सपाट तळाच्या जोड-रेघा पाडतात, कुत्री-तरस खड्डे आणि रुंद चऱ्या पाडतात, आणि वाळूत पायदळी आलेल्या हाडावर आखूड, उथळ, वाटेल त्या दिशेच्या रेघा येतात. यातल्या कुठल्याच रेघेमागे कारागीर नाही.

या प्रकरणाचं मला विशेष वाटतं ते यासाठी की यात पाटण्याचा तुकडा कमी झाला नाही, उलट त्याचं वजन वाढलं. पन्नास संशयित तुकड्यांच्या गर्दीत तो एक होता. गर्दी हटली आणि तो एकटा टिकला. चिकित्सा झाली की आपला वारसा लहान होतो अशी भीती आपल्याकडे फार आहे. पाटण्याचा अनुभव उलटा आहे.

सेमेनोव यांचं देणं आणि त्यांची त्रुटी

खुणांवरून काम वाचायची शिस्त आणली ती सर्गेई सेमेनोव यांनी. त्यांचं रशियन पुस्तक १९५७ चं, इंग्रजी भाषांतर ‘प्रिहिस्टॉरिक टेक्नॉलॉजी’ या नावाने १९६४ चं. दगड आणि हाड दोन्हींवर सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या झिजेच्या रेघा, त्यांची दिशा आणि त्यावरून हाताची हालचाल असा त्यांचा मार्ग. आकार सारखा असलेल्या दोन वस्तूंची कामं वेगळी असू शकतात हे त्यांनी ठासून मांडलं. आजही हाडावर काम करायचं तर सुरुवात इथूनच करावी.

पण आंधळेपणाने नाही. सेमेनोव निष्कर्ष फार ठामपणे देतात. अमुक रेघा म्हणजे अमुक काम, असं ते सांगतात. तशा रेघा आणखी कशाने येऊ शकतात याची पडताळणी वाचकाच्या हाती पुरेशी येत नाही. हा दोष नंतरच्यांनी भरून काढायला घेतला. १९७७ मध्ये कीली आणि न्यूकमर यांनी दगडी हत्यारांवर ‘आंधळी चाचणी’ केली: एकाने हत्यारं वापरली, दुसऱ्याने काय वापर झाला हे न सांगता ओळखायचं. अशी चाचणी स्वतःवर लावून घेणारी पद्धत मला जास्त विश्वासाची वाटते.

हाडाच्या बाबतीत याच वाटेवरचं चांगलं काम म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स गुहेतल्या हाडांच्या टोकांवरचं. ही टोकं १० लाख वर्षांहून जुनी. उत्खनक सी. के. ब्रेन यांचं मत होतं की त्यांनी कंद खणले असावेत. २००१ मध्ये ल्युसिंडा बॅकवेल आणि फ्रान्चेस्को देरिको यांनी ताज्या हाडांनी कंद खणून पाहिले, वारुळं फोडून पाहिली आणि टोकांवरच्या रेघा मोजून तुलना केली. वारुळाच्या बारीक मातीने टोकाला समांतर, लांबीच्या दिशेच्या बारीक रेघा पडल्या आणि जुन्या टोकांशी त्या जास्त जुळल्या. निष्कर्ष: वाळवी खणायची हत्यारं.

माझी शंका एवढीच: जुळणं हे करून पाहिलेल्या पर्यायांपैकी सर्वात जवळचं असतं. न करून पाहिलेला पर्याय आणखी जवळचा असू शकतो. तरी या लेखाची ताकद अशी की शंका घ्यायला लागणारी सगळी सामग्री तो स्वतःच पुरवतो. तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही तिसरा पर्याय करून बघा, रेघा मोजा. ‘मातृदेवता’ या नावाशी असं भांडता येत नाही.

आपल्या जिल्ह्यापर्यंत येताना

नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तापी-गोमाई संगमावर प्रकाशे आहे. बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये तिथे उत्खनन केलं आणि ‘एन्शंट इंडिया’च्या २०-२१ व्या अंकात सविस्तर अहवाल दिला. तापी खोऱ्यातल्या ताम्रपाषाण ते मध्ययुग या वस्तीचा कणा त्या अहवालाने उभा केला. थर आणि खापरं यांचं काम इतकं नेटकं आहे की आजही त्याच्याशिवाय खानदेशच्या पुरातत्त्वावर लिहिता येत नाही.

त्या पिढीच्या अहवालांची एकूण रीत मात्र खापर-केंद्री होती, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण कालक्रम खापरांवर उभा राहतो. हाडाच्या वस्तू शेवटी ‘इतर लहान वस्तूं’त येतात: लांबी, छेद, एक चित्र आणि एक नाव. बहुतेक वेळा नाव ‘पॉइंट’, म्हणजे अणी. ऐतिहासिक काळाच्या आरंभीच्या स्थळांवर, विशेषतः कौशांबी, राजघाटसारख्या गंगेच्या खोऱ्यातल्या, अशा अण्या मोठ्या संख्येने आहेत. त्यांना कुणी बाणाग्र म्हणतं, कुणी लेखणी, कुणी टोचा. बाण असेल तर टोकावर आपटल्याची मोड दिसायला हवी. लेखणी असेल तर टोक मऊ झिजेने गोल व्हायला हवं. चामडं टोचायची आरी असेल तर टोकाभोवती फिरवल्याच्या आडव्या रेघा आणि चकाकी हवी. तिन्हींच्या खुणा वेगळ्या, तपासणं शक्य. मग अण्यांची नुसती यादी करून आपण का थांबतो?

पुणे जिल्ह्यातलं इनामगाव (उत्खनन १९६८ ते १९८३, डेक्कन कॉलेज) हे यापुढचं पाऊल होतं. तिथे प्राण्यांच्या हाडांचा शास्त्रीय अभ्यास झाला आणि घराघरातल्या वस्तूंवरून कारागीर ओळखायचा प्रयत्न झाला. कुंभार, सोनार, त्याचबरोबर हस्तिदंताचं काम करणारा, अशी घरं त्या लेखनात येतात. हे विधान मी खोडत नाही. पण विद्यार्थी म्हणून ते वाचताना तीन प्रश्न विचारायला हवेत. घरात तयार वस्तू मिळाल्या की कापलेले, टाकून दिलेले तुकडेही? तयार वस्तू वापरणाऱ्याच्या घरीही मिळते, कचरा बनवणाऱ्याकडेच. दुसरा, तो हस्तिदंतच आहे हे कसं ठरवलं? झिलई केलेल्या हाडावर रक्तवाहिन्यांचे बारीक ठिपके आणि चिरा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. भिंगाने कळणारी ही गोष्ट आहे. तिसरा, काम कशाने केलं?

तिसऱ्या प्रश्नात मला एक अख्खा पीएच.डी.चा विषय दिसतो. ताम्रपाषाण गावांमध्ये तांबं मोजकं आणि चालसेडनी-अगेटची पाती भरपूर. मग हाड कापलं कशाने? दगडी पात्याने की तांब्याच्या सुरीने? काळ पुढे सरकला, लोखंड आलं, तेव्हा हाडकामात कधी फरक पडला? प्रकाशेसारख्या ठिकाणी ताम्रपाषाण आणि लोहयुग एकाच टेकाडात आहेत. चिरांच्या आतल्या उपरेघा वाचल्या तर हा बदल थरानुसार मांडता येईल. तांब्याच्या तुकड्यांची मोजदाद करून याचं उत्तर मिळत नाही, कारण तांबं वितळवून पुन्हा वापरतात. हाडावरची चीर कुणी परत नेत नाही.

जिवंत कारागिरांबद्दल

हाडकाम संपलेलं नाही. लखनौ-बाराबंकीत आणि संभळच्या सराय तरीनमध्ये म्हशीच्या हाडा-शिंगाचं काम चालतं. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्यावर बरेच हात हाडाकडे वळले. हाड सोड्यात उकळून तेलकटपणा काढायचा, पेरॉक्साइडने पांढरं करायचं, करवतीने फळ्या पाडायच्या, कानस, बारीक आऱ्या, गिरमिट, शेवटी पॉलिश, असा क्रम. आता मोटरवरची चाकं आली आहेत.

या कारागिरांवर जे लिहिलं जातं ते बहुधा दोन टोकांना असतं: ‘लोप पावत चाललेली कला’ असं हळहळणारं, नाहीतर उत्पन्न-निर्यातीचे तक्ते देणारं. हात कसा चालतो, हाड कुठल्या बाजूने धरतात, बिघडलेला तुकडा कुठे टाकतात, हे त्यात सापडत नाही. पुरातत्त्वाला हवं असतं नेमकं तेच. एक सावधगिरी मात्र हवी: लोखंडी कानशीने काम करणाऱ्या माणसाची हालचाल तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला चिकटवायची नाही. त्याच्याकडून प्रश्न घ्यायचे. उत्तरं जुन्या हाडावरच्या खुणांतूनच घ्यायची.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

या विषयाला खर्च फार लागत नाही. पाया उकळून स्वच्छ करा, नदी-नाल्यातल्या गारगोटीची पाती काढा, सुरी, कानस, बेसाल्टचा तुकडा घ्या. एका हाडावर एकच क्रिया करा. प्रत्येक तुकड्यावर नंबर, वापरलेलं साधन, दिशा, किती वेळ घासलं हे लिहून ठेवा. ही तुमची तुलना-पेटी. एक पेटी मित्राकडून बनवून घ्या आणि खुणा न सांगता ओळखून बघा. किती ओळखता आल्या हा आकडा, कमी असला तरी, प्रबंधात छापा. घासताना तोंडाला मास्क लावा, हाडाची धूळ फुप्फुसाला वाईट.

सांबर-चितळाचं गळून पडलेलं शिंग जंगलात दिसलं तर प्रयोगासाठी उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरतो. तोरणमाळकडे फिरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

जुन्या वस्तूंना हात लावण्याआधी विचारा की त्यांना ब्रशने घासलंय का, वर रासायनिक लेप दिलाय का. लेपाखाली खुणा बुजतात आणि ब्रश नव्या खुणा पाडतो. सिलिकॉनचा ठसा, म्हणजे दंतवैद्य वापरतात तो मसाला, सोपा आहे, पण नाजूक हाडावर तो डाग सोडू शकतो. परवानगीशिवाय नाही. कोलॅजनवरून प्राणी ओळखायच्या नव्या पद्धती आहेत, पण दख्खनच्या उष्णतेत कोलॅजन टिकतंच असं नाही. प्रस्तावात त्यावर सगळी मदार ठेवू नका.

आणि प्राण्यांच्या हाडांच्या पिशव्या उघडायला मागा. कापलेली टोकं, अर्धवट फाका ‘खाण्याचा कचरा’ म्हणून तिथेच पडलेल्या असण्याची शक्यता बरीच आहे. वस्तूंच्या यादीत त्या नसतात, कारण त्यांना नाव नसतं.

लोहंदा नाल्याच्या वस्तूचं काय? परीक्षेत गोल काळा करा, मार्क सोडू नका. प्रबंधात मात्र ‘कोरीव हाड, ओळख वादग्रस्त’ असं लिहा आणि पुढच्या वाक्यात सांगा की वाद मिटायला कुठली खूण, कुठल्या खाचेत, कशाखाली बघावी लागेल. व्हायवाला बसलेले परीक्षक त्या पुढच्या वाक्यावरच प्रश्न विचारतील.